बियाचा दोडका

"कवळ्या फळाकडं बोट ताठ करू नगंस. मुडपून दाखीव. न्हाईतर कुजतं." आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, तरी वेलाशी गेलं की हेच कानात यायचं.

लढाईचं साल होतं. उन्हाळ्यात पुणतांब्याला गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी एका कडेला सरकतं आणि उघड्या वाळूत आम्ही भाजीच्या वाड्या करतो. माझ्या वाडीला लागून फक्रुद्दीनच्या बायकोची, हसीनाची वाडी. पाणी एकाच धारेचं, ऊन एकच. पण माझा दोडका कडू निघायचा, तिचा लोण्यासारखा.

मामंजींच्या तोंडाची चव गेली होती. दोन महिने ताटावरून तसेच उठायचे. हसीनानं चार दोडकी दिली. मी शिरांची तिळावर चटणी केली, फोडी लसणावर परतल्या, वर शेंगदाण्याचं कूट. म्हाताऱ्यानं दीड भाकरी कुस्करून खाल्ली आणि बोटं चाटत म्हणाले, "हसीनाचा दोडका हाय व्हय? पोरीच्या हाताला गुन हाय."

चुलीपुढं भाजले ते हात माझे. रोज तुळशीला पाणी घालताना मन निर्मळ ठेव म्हणून मागते. दुसऱ्या दिवशी देवाचं नाव ओठांवर होतं आणि मनात तिचा वेल.

हसीनाला सातवा महिना लागला होता. तिनं मला एक कवळा दोडका दाखवला, बोट मुडपूनच.

"अक्का, ह्यो बियाला राखलाय. माज्या आईच्या दारचा वान हाय. ह्यो गेला तर पुढल्या साली वेल न्हाई."

ती घागर भरायला गेली. मी इकडंतिकडं पाहिलं आणि बोट ताठ केलं.

आठव्या दिवशी दोडका देठाशी पिवळा पडला, मग त्याला पाणी सुटलं. माशी लागली असेल, झळ लागली असेल, पण मला काय ते ठाऊक होतं. हसीना वेलापाशी बसून होती. वाटलं, आता माझं नाव घेईल.

"माजंच चुकलं, अक्का," ती म्हणाली. "घागरी उचलंनात. पानी कमी पडलं. शेंड्याला आजून एक कवळं धरलंय, पर ते काय जगतंय?" आणि ओच्यातली तीन दोडकी माझ्या पदरात टाकली. "म्हाताऱ्याला घाला."

ती मी रांधली. मामंजींनी पुन्हा तिचंच नाव काढलं. पुन्हा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. तशीच उठून धारेवर गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि गंगामाईला बोलले, की ते शेंड्याचं फळ वाळून त्यात बी खुळखुळेस्तोवर वेलाचं पाणी मी वाहीन, आणि रोज त्याआधी तोंडात घास घालणार नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता तुळशीला पाणी घातलं. एवढ्या बिगीनं कुठं, असं मालकांनी विचारलं. वाडीवर, म्हटलं. कुणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चुंबळ डोक्यावर ठेवली, दोन्ही घागरी घेतल्या आणि नदीची वाट धरली.