देवीचा रेडा

म्हैस विकायची आणि लेकाचं, दत्तारामचं, दुसरं लग्न लावायचं, या दोन्ही गोष्टी साळूबाई एका दमात बोलायची, आणि तेही सुनेच्या देखत. सून ठकूबाई वरंध घाटाच्या वरची, भोरकडची. काजळी म्हैस तिला माहेरच्यांनी दिलेली. लग्नाला तीन वर्षं होत आली, पण दोघींपैकी एकीचीही कूस उजवली नव्हती.

"घाटावरचा जीव गो, हितं खाली फळत नाय," साळूबाई दिसेल त्या बाईला सांगायची. ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तरी ती शेण भरत राहायची.

वाडीतल्या म्हशी फळवायला देवीच्या रेड्याकडेच न्यायच्या. बाकीचे रेडे शिमगा झाला की बडवून, म्हणजे खच्ची करून, औताला लावत. एवढा एक देवीच्या नावाने अखंड ठेवायचा, त्याला बडवायचं नाही, अशी रीत. तो सांभाळायची पाळी घरोघर फिरायची, पण कुशाबाकडे आली ती तिथेच राहिली. वाडीतला कर्ता माणूस, त्याला विचारणार कोण? इतरांच्याही म्हशी भाकडच होत्या, पण त्यांना म्हणे दृष्ट लागलेली. दोष होता तो फक्त घाटावरचीत!

आषाढात ठकूबाई भाकरी घेऊन शेतावर निघाली. कुशाबाच्या चिखलात देवीचा रेडा नांगर ओढत होता, अगदी गरीब होऊन. देवीनेच त्याला शांत केला, असं लोक कौतुकाने सांगत. ठकूबाई गुराढोरांच्या घरातली. तिने बांधावरून त्याच्या मागच्या बाजूला जाऊन नीट पाहिलं. रेडा बडवलेला होता! जुन्या सवयीने तो म्हशीवर चढायचा एवढंच, त्याच्याकडून म्हैस गाभण राहणं शक्य नव्हतं.

भाकरी तशीच हातात धरून ती नवऱ्यापुढे उभी राहिली.

"अवं, कुशाबांनी देवीचा रेडा बडवलाय. काजळी गाभण ऱ्हाईल कशी?"

दत्तारामने हातातली दोरी उगाच गुंडाळली. "ठाव हाय मला. कुशाबांच्या औताला जोडी नव्हती. बडवताना दावं मीच धरलं व्हतं. कुठं बोलू नको. वाडी आमाला वाळीत टाकील."

म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं! आई रोज सुनेच्या आणि म्हशीच्या नावाने खडे फोडत होती, आणि हा शेजारी बसून ताकभात ओरपत होता. लाज कशाशी खातात, ते या माणसाला माहीतच नव्हतं.

दिवाळी झाली. ठकूबाईने कुणाला न विचारता काजळीचं दावं सोडलं आणि तिला घेऊन ती घाट चढून गेली. म्हैस भावाकडे ठेवून परत आली. घरच्यांच्या शिव्या तिने ऐकून घेतल्या.

वैशाखात भाऊ सयाजी म्हैस घेऊन आला. गाभण, लांबूनही कळावं इतकी. साळूबाईने लगबगीने तिला कुंकू लावलं. "देवी पावली गो! आता दुसरी सून आली म्हंजे झालं."

सयाजी दारात उभा, शेजारणी जमलेल्या. ठकूबाईने सरळ नवऱ्याकडे पाहिलं.

"देवीचा रेडा बडवताना दावं धरलंत. म्हशीत खोट नाय, हे तुमास्नी ठाव व्हतं, तरी तुमी गप बसलात. आता आईम्होरं सांगा, मूल नाय त्यात खोट कुणाची, हे बी तुमास्नी ठाव हाय ना?"

दत्तारामची मान खाली गेली, ती वर आलीच नाही. साळूबाईने लेकाकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्यानंतर दुसऱ्या लग्नाची गोष्ट त्या घरात कुणी काढली नाही.