शुक्रवारचं तेल

वांकिडीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. अठ्ठ्याऐंशी साली बेल्लमपल्लीवरून पास्टर आले आन् म्हणाले, "शुक्रवारी उपास धरा, पण कोणाले कळू देऊ नका. कळलं की फळ गेलं. तोंड धुवा, डोक्याले तेल लावा. येशूनंच सांगून ठेवलं हाय."

आमच्या घरच्यायनं, म्हंजे माझ्या नवऱ्यानं, तेल तेवढं पक्कं धरलं. ज्या माणसानं लग्नापासून डोक्याले तेलाचं बोट लावलं नाही, तो दर शुक्रवारी चपचपीत होऊन पारावर बसे. दोन शुक्रवारात गाव समजलं. तेल दिसलं की लोक म्हणत, "डोमाजीचा उपास हाय, त्याले चहा नका देऊ."

मंग यायनं शक्कल काढली. रोजच तेल लावाचं, म्हंजे उपासाचा दिवस कोणता ते कळणार नाही. झालं! गावाले वाटलं, डोमाजी आता रोजच उपाशी. बाया लेकरं पाया पडाले आणू लागल्या.

शेजारची देवकाबाई मले म्हणे, "रोज उपास, तरी भाऊचं अंग भरून राह्यलं. देव पावला, बाई!"

"देव कायचा? दोन्ही टाइम भाकरी मी थापून राह्यली!"

आन् पास्टर सांगून गेले तवापासून सात वर्षं दर शुक्रवारी मी उपाशी हावो. माझं तेल-वेणी रोजचंच, आन् जेवते सगळ्यायच्या मागून. म्हणून घरच्यायलेबी पत्ता नाही. आता रागारागात तुमाले सांगून बसली. गेली ना सात वर्षं पाण्यात!