बिनविजेचा स्पीकर

प्रतापनगरातल्या प्रयागबाईंच्या घरात भरदुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर सागाची पेटी, पेटीत जुना कागदी पडद्याचा स्पीकर. ना वीज, ना बॅटरी. तरी त्यातून सहा महिन्यांपूर्वी वारलेले त्यांचे यजमान महादेवराव बोलत होते! आवाज अगदी बारीक, म्हणून एकेकाने कान लावायचा आणि डोळे पुसत उठायचं.

"चाळीस वर्षं त्यायनं याच स्पीकरवर रेडिओ ऐकला," चौरंगामागे बसलेले नादबाबा डोळे मिटून म्हणाले. आत्म्यांशी बोलणं घडवतो, असा त्यांचा दावा. "आत्मा कागदात मुरला! लोणच्यात मीठ मुरते तसा!"

मागे उभी असलेली करिष्मा दातओठ खात होती. जुने स्पीकर दुरुस्त करून त्यांना पेट्या बनवणं हा तिचा धंदा. हा फाटका पडदा महिन्यापूर्वी तिनेच जोडला होता. बाबांचा चेला विक्की दोन स्पीकर घेऊन आला होता. पेटी मात्र एकालाच हवी होती, तीही बुडाला छिद्र पाडलेली. बुडाला छिद्र कशाला, हे तिने विचारलंच नव्हतं. गिऱ्हाईक सांगेल ते करून दिलं, याचा आता तिला स्वतःचाच राग येत होता.

प्रयागबाईंनी कान लावला आणि त्या नातीकडे वळल्या. "पायल, आबाजी म्हणून राहिले, मिरगीच्या गोळ्या फेकून दे."

करिष्माचं डोकं फिरलं. मागे आठ दिवस गोळ्या चुकल्या, तर हीच पोर फिट येऊन जिन्यावरून कोसळली होती. करिष्मा गर्दी सारत चौरंगाशी गेली.

"दूर राह्य!" बाबा कडाडले. "हात लावशील तर आत्मा पळते!"

"पळू द्या. कुठं जाते तेच पाह्यते."

दोन्ही हातांचा आडोसा करून ती पडद्यात बोलली, "विक्की, तुह्या पायापाशी साप आहे गा!"

शेजारच्या कोठीचं दार धाडकन उघडलं. विक्की उड्या मारत बाहेर आला. हातात दुसरा स्पीकर. त्याची वायर सतरंजी उचकटत थेट चौरंगाखाली, पेटीच्या बुडात शिरलेली.

"एका पडद्यावर बोललं का तो हलते," करिष्मा म्हणाली. "मागची तारेची गुंडाळी चुंबकात हलते आन् चिमूटभर वीज तयार होते. ती वायरीतून गेली का दुसरा पडदा तसाच हलते. याले आत्मा लागत नाही. या, बोलून पाहा!"

"कलियुगात आत्मा वायरीनंही येते!" बाबा म्हणाले. एवढ्या संतापातही लोक हसले. मग कोणीतरी स्पीकर फोडायला खलबत्ता उचलला.

"त्याले काहून मारता?" करिष्माने पेटी छातीशी धरली. "त्याच्यात जे बोललं ते त्यानं सांगितलं. खोटं बोलणारे तिकडं आहेत."

"मंग... ते बोललेच नाही?" प्रयागबाईंनी विचारलं.

करिष्माला भडभडून आलं, पण तिने शब्द फिरवला नाही. "नाही, आजी. आठवण आली तर रडा, मीही बसते तुमच्यापाशी. पण पोरीच्या जिवाचं डॉक्टरले विचारा. आन् हात लावू नका म्हणून कोणी बजावलं, तर आधी तिथंच हात लावून पाहा."

प्रयागबाईंनी पदराने डोळे पुसले. मग उठल्या, गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या.

"घे वं पायल," त्या म्हणाल्या, "माह्यासमोर गीळ."