बारा चांद

हनोख वाकरूळकरांनी पाकिटाची दोरी दातांनी तोडली. कात्री टेबलाच्या खणातच होती, पण तेवढा धीर कुणाला होता? ऑगस्टात मुंबईहून निघालेलं पाकीट पुरामुळे नदीपलीकडे अडकून पडलं होतं. पर्लकोटेचं पाणी उतरलं, तेव्हा कुठे ते कार्तिकात भामरागडच्या लाकूड डेपोत, या कारकुनाच्या टेबलावर, पोचलं. आत बहीण रिबकाची चिठ्ठी होती आणि यहुदी सणवारांचं छापील कॅलेंडर.

चिठ्ठी त्यांनी बाजूला सारली. तिच्यात काय असणार ते ठाऊकच होतं. सगळं घर डिसेंबरच्या बोटीनं इस्राएलला निघालं होतं. मागे राहणार ते एकटे हनोख, पेन्शनीला दोन वर्षं बाकी म्हणून. या शनिवारी तोरा या धर्मग्रंथाचा कुठला अध्याय वाचायचा, तेवढं आधी बघावं म्हणून त्यांनी कॅलेंडर उघडलं. पानं उलटता उलटता बोट सप्टेंबरावर थांबलं.

दारफाळणी, सोमवार, सव्वीस सप्टेंबर.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दारफाळणी हा बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचा, वर्षातला सर्वांत मोठा उपास. त्या दिवशी दार लावून घ्यायचं, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. देवाच्या वहीत पुढच्या वर्षासाठी कुणाचं नाव राहणार, ते त्या संध्याकाळी ठरतं. हनोखबाबूंनी हा उपास कडकडीत केला होता, पण दसऱ्याला.

चूक तशी साधीच. गेल्या साली दसरा आणि दारफाळणी एकाच दिवशी आले होते. यंदा कॅलेंडर आलं नाही, म्हणून त्यांनी किराणेवाल्या सोमाजीच्या भिंतीवरचं पंचांग पाहून दसरा धरला. यंदा सोमाजीच्या पंचांगात भाद्रपद दोनदा होता. यहुदी वर्षाला जास्तीचा महिना नव्हता. एवढी गोष्ट या लिहित्यावाचत्या माणसाच्या ध्यानात आली नाही, आणि त्यांचा उपास महिनाभर उशिरा पडला.

दसऱ्याच्या संध्याकाळी दार उघडताना त्यांना किती हलकं वाटलं होतं! वाटलं होतं, या रानातूनसुद्धा आपलं ऐकलं गेलं. पण वही तर महिन्यापूर्वीच मिटली होती. अलिबागेकडच्या प्रार्थनामंदिरात दारफाळणीच्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं खांद्याला खांदा लावून उभी असत, लहानपणी वडिलांचा सदरा धरून तेही उभे असत. तिथं कुणाची तारीख चुकली नसती. तोरा चारचौघांत वाचायची तर दहा पुरुष लागतात. इथं दहा सोडा, दुसरा मिळायचा नाही. बारा वर्षं ते एकटेच वाचत आले होते.

अगदी एकटे म्हणायचं तर लालसू रागावला असता. लालसू डेपोचा राखणदार, माडिया आदिवासी, वयानं त्यांच्याच बरोबरीचा. शनिवारी दुपारी डेपो बंद झाला की हनोखबाबू पडवीत बसून अध्याय मराठीत मोठ्यानं वाचत आणि तो पायरीवर दोर वळत ऐके. वाकरूळकर हे आडनाव त्याच्या जिभेला कधी पेलवलं नाही. गावात मुखरू होता, लटारू होता, तसा हा वाकरूबाबू. गेल्या पावसाळ्यात देवाच्या कराराचा अध्याय निघाला होता. इथं उभे आहेत त्यांच्याशीच नव्हे, आज इथं नाहीत त्यांच्याशीही हा करार आहे, असं त्यात येतं.

"जे तिथं नव्हते ते कोन, बाबू?" लालसूनं विचारलं होतं.

"आमची पुढची पोरंबाळं," असं सांगून त्यांनी पान उलटलं होतं.

त्या सोमवारी आपण काय करत होतो? हनोखबाबूंनी हजेरीबुक ओढलं. सव्वीस तारखेला सागाच्या गाड्या आल्या होत्या. म्हणजे दिवसभर ओंडक्यांवर शिक्के मारले, दुपारी पोटभर मासळी-भात खाल्ला. आणि लालसूच्या नावापुढे त्यांच्याच हातानं, लाल शाईत लिहिलेलं होतं: गैरहजर.

"लालसू, इकडे ये. सागाच्या गाड्या आल्या त्या दिवशी कुठं होतास? दुसऱ्या दिवशी मी ओरडलो होतो बघ."

"घरी होतो."

"आजारी होतास?"

लालसूनं हातातला दोर खाली ठेवला. "नाई. दार लावून बसलो होतो."

हनोखबाबूंनी हजेरीबुकातून मान वर केली.

"गेल्या साली तुमी दार लावलं, त्याले बारा चांद झाले होते. तुमाले सांगलं बी मी. तुमी हासले, म्हनले, दसऱ्याले हाय, टाइम हाय अजून."

हसल्याचं हनोखबाबूंना आठवलं.

"मंग मले भेव वाटलं. तुमचं नाव राहून गेलं तं? दुसरा बाबू येईन. तो मारकुटा निघाला तं काय करता?"

"पाणी?"

"नाई पेलो. बायको लय बोंबलली."

"आणि प्रार्थना? काय म्हणालास?"

"मले तुमची भाषा कुठी येते? तुमच्या देवाचं नाव बी तुमी कधी सांगत नाई." लालसू जरा ओशाळला. "मी म्हनलं, बाबू म्हन्ते तू एकच हायेस. मंग तुले समजनच. आमच्या वाकरूबाबूचं नाव लिवून ठेव."

माझं नाव हनोख आहे रे, असं ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. थोडं हसू येत होतं.

"जाऊ मी? तिकडं बैल मोकळे हायेत."

"जा."

तो गेल्यावर त्यांनी चष्मा काढला, बऱ्याच वेळानं पुन्हा घातला. चोवीस वर्षांच्या नोकरीत सरकारी कागदावर त्यांनी कधी खाडाखोड केली नव्हती. त्यांनी दौत पुढे ओढली, ‘गैरहजर’वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: हजर.

खोडलेल्या जागी सही करावी लागते, तसा नियमच आहे. सही करताना हात ‘वाकरू’पाशी थांबला. पुढची अक्षरं त्यांनी लिहिली नाहीत.