शिंपीकाकांच्या पायाची पट्टी

आई जाऊन चार दिवस झाले होते आणि मला एका जागी बसवत नव्हतं. येणारा जाणारा तिच्या आठवणी सांगत होता. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी गल्लीसाठी ती सिस्टरच होती. कुणाचं बाळंतपण, कुणाची इंजेक्शनं. आमच्या जेवणापेक्षा तिला त्यांचीच घाई. मी मान हलवत होते, पण पायाला नुसती भिंगरी लागली होती.

दुपारी एकदम आठवलं, शिंपीकाकांच्या पायाची जखम आई दिवसाआड बांधायची. मी तिची मलमपट्टीची पिशवी उचलली आणि जवळजवळ धावतच दुकान गाठलं.

काका एक पाय स्टुलावर ठेवून दुसऱ्यानं मशीन चालवत होते. पट्टी काळपट झाली होती.

"दवाखान्यात का नाही गेलात?"

"सिस्टरशिवाय कुणाला पाय दाखवलाच नाही गं. आणि तुला तर रक्त बघून चक्कर येते."

"येऊ दे. पाय इकडे करा."

मी पिशवीतून कापूस आणि नवी पट्टी काढली. चिकटलेली पट्टी सोडवताना काका कळवळले. "तिचा हात हलका होता. तोंड मात्र भारी जड, सारखी रागवायची."

"मग ऐका! साखरेचा आजार असताना अनवाणी फिरायचं नाही, हे तिनं शंभरदा सांगितलं होतं ना? उद्या दहाला तयार राहा. डॉक्टरकडे नेते."

काका हसता हसता रडायला लागले. चार दिवसांत पहिल्यांदा मीही रडले. नव्या पट्टीची माझी गाठ सैलच बसली. ती काकांनी शिंप्याच्या सफाईनं घट्ट केली.