भैरूच्या जागेची परीक्षा

मित्रांनो, खोके प्रवासासाठीच बनवतात. मी मात्र चिंचवडच्या गोदामाबाहेर कधी पडलो नाही. मी आंब्याच्या फळ्यांचा एक जुना खोका. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. पण सांगून पाहतो.

आमच्या गोदामात कंदिलाच्या काचा खोक्यांत भरून रेल्वेने परगावी जात. सुताराने माझे सांधे फार घट्ट बसवले होते, म्हणून कारकून दौलतरावांनी मला परीक्षेसाठी बाजूला काढलं. नवा माणूस घ्यायचा असला की ते त्याच्या हातात एक काच देत आणि घरच्या गोष्टी विचारत. आई कशी आहे? पाऊसपाणी कसं? बोलताना हात थरथरला, की तो उमेदवार परत जाई. हात स्थिर राहिला, तर त्याने पेंढ्यात दोन डझन काचा माझ्यात भरायच्या आणि झाकण ठोकायचं. मग मला ओट्यावरून खाली सोडत. दौलतराव गुडघे टेकून माझ्या फळीला कान लावत, मला हलवत. आतून किणकिण आली नाही, की नोकरी पक्की.

एकोणीसशे पन्नास साली भैरू असाच लागला. पेंढा गालाला लावून तो त्यातली ओल ओळखायचा. सात वर्षांत त्याची एक काच फुटली नाही. दौलतराव त्याची तारीफ करताना थकत नसत. मग तीन दिवसांच्या तापात भैरू गेला, आणि त्याला अग्नी दिला त्याच्या चौथ्या दिवशी दौलतरावांनी त्याच्या जागेसाठी माणसं बोलावली. माल अडला होता. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पहिल्या उमेदवाराने मला छान भरलं. खाली सोडल्यावर मात्र आतून किणकिण आली. झाकण उघडलं, तर चोवीसच्या चोवीस काचा धडधाकट! दुसऱ्याचं तेच झालं, तिसऱ्याचंही. पाच दिवसांत सहा जण परत गेले. मित्रांनो, खरं सांगतो, काचा माझ्यात जागच्या हलल्यासुद्धा नव्हत्या. आवाज माझ्या आत होता, पण कशाचाच नव्हता. माझ्या फळ्या भर दुपारी गार पडत.

"दौलतराव, भैरूभाऊ फुकटात परीक्षा घेत्यात बघा," खिळे ठोकणारा ज्योतीराम म्हणाला. कुणी हसलं नाही. मग त्याने पुन्हा हातोडी उचलली.

दहाव्या दिवशी दुपारी भैरूची बायको मंजुळाबाई गोदामात आली. तिचे पाय नदीच्या चिखलाने भरले होते.

"कावळा शिवंना," ती म्हणाली. "सकाळधरनं पिंड मांडलाय. पोरं शिकवू म्हनलं, शेळी इकनार न्हाई म्हनलं. कावळा झाडावर बसून बघतोय, पन खाली येत न्हाई."

"मग इथं कशाला आलात, वहिनी?" दौलतरावांनी विचारलं.

"त्यांचा जीव हितं आडकलाय. घरात दोन पोरं हायेत, कमावतं कुनी न्हाई. त्यांची जागा मला द्या."

"बाईमाणसाला इथं घेत नाहीत. गोदामाचे साहेब मलाच घरी बसवतील."

"आवाज आला, तर मी आल्या पावली जाते. मग तर झालं?"

ज्योतीराम पुटपुटला, "घ्या की दौलतराव. सहा बाप्ये तर नापास झालेच."

दौलतरावांनी तिच्या हातात काच दिली. घरच्या गोष्टी विचारायला मात्र त्यांची जीभ रेटेना. मंजुळाबाईने पेंढा गालाला लावला, ओला होता तो बाजूला टाकला आणि एकेक काच तान्ह्या मुलासारखी माझ्यात निजवली. झाकणही तिनेच ठोकलं.

मला खाली सोडलं. दौलतरावांनी कान लावला, एकदा, दोनदा हलवलं. आत काहीच वाजलं नाही.

तरी ते उठले नाहीत. माझ्या फळीजवळ तोंड नेऊन, मोठ्या माणसाशी बोलावं तसे हळूच म्हणाले, "भैरू, चुकलो आम्ही. तुझा दहावाही होऊ दिला नाही. वहिनींना घेतलं. साहेबांना मी सांगेन, माझं काय व्हायचं ते होवो."

त्याच क्षणी माझ्या झाकणावर कावळ्याच्या पायांचा भार बसला. दोन्ही पायांची नखं मला स्पष्ट टोचली. क्षणभराने भार उडून गेला. दौलतरावांनी वर पाहिलं, मंजुळाबाईनेही. कावळा कुठेच नव्हता. थोड्या वेळाने तिचा दीर सोपानराव नदीवरून धावत आला आणि दारातूनच ओरडला, "वहिनी, शिवला! आत्ताच शिवला!"

मंजुळाबाईने पुढे कितीतरी वर्षं काचा भरल्या. मी आता माळ्यावर धूळ खात पडलो आहे, तो आवाज पुन्हा माझ्यात आला नाही. मित्रांनो, गेलेल्या माणसाची जागा भरावीच लागते. पण ती भरण्याआधी त्याच्या घरी जाऊन या. तिथे कोण उरलंय, ते कसे जगणार आहेत, एवढं विचारून या.