विटांवर चढवलेली गाडी

मी एक जुनी, फिरत्या दवाखान्याची गाडी आहे. पण मित्रांनो, त्यातला 'फिरता' हा शब्द आता नुसता माझ्या पत्र्यावर रंगवलेला उरला आहे. माझी चाकं काढून मला विटांवर चढवलं आहे. सभोवती साखळी लावली आहे, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या ठेवल्या आहेत, आणि येणारे-जाणारे माझ्यापुढे हात जोडून उभे राहतात. त्यांची तोंडं पाहिली की मला भोंगा वाजवावासा वाटतो. पण भोंग्याची तारही काढून टाकली आहे.

माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या गाड्या कुठे बिस्किटं पोचवायला गेल्या, कुठे कपाटं वाहायला. मला मात्र देवाच्या नावाने चालणाऱ्या एका दवाखान्याने घेतलं. त्या गाड्यांनी माझा हेवा केला असेल. दवाखाना खरंच चांगला होता, ते मी नाकारत नाही. औषध खरं मिळायचं, डॉक्टर वेळेवर यायचे आणि दारातून कोणालाही परत पाठवत नसत. माझं भांडण आहे ते दवाखाना चालवणाऱ्या मंडळाशी, आणि त्यातही अध्यक्षांशी. त्यांना पाठीमागे सगळे 'पुण्यवान' म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना ते खरंच वाटलं असतं.

माझ्या पोटात एका बाजूला औषधांचं कपाट होतं, दुसऱ्या बाजूला बाक, आणि मधे स्ट्रेचर. चालवायला मामा. हे कोणाचे मामा होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळा दवाखाना त्यांना मामाच म्हणायचा. सोबत अक्का, म्हणजे आमची नर्स. सकाळी मामा इंजिन गरम करायचे, तेवढ्यात अक्का डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. इंजिन नीट सुरू झालं की तिची प्रार्थना संपायची. देवाची त्याबद्दल कधी तक्रार आली नाही.

मग आम्ही निघायचो. आधी नदीपलीकडची वस्ती, मग दगडांची खाण, आणि रस्ता जिथे संपतो तिथे वीटभट्टी. माझा भोंगा ऐकला की भट्टीवरच्या बाया हातांचा चिखल धुऊन पोरं काखोटीला मारून यायच्या. अक्का पोरांना टोचायची, जखमा बांधायची, पोटुशा बायांना बाकावर बसवून तपासायची आणि त्यांच्या सासवांना झापायची. सासवाही ऐकून घ्यायच्या. मित्रांनो, ते माझे खरे दिवस होते. धुळीने माझा रंग कळत नव्हता, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग दवाखान्याचा वर्धापनदिन आला आणि पुण्यवानांच्या मनात आलं, की पाहुण्यांना आपली सेवा प्रत्यक्ष दाखवावी. पाहुणे बसणार कुठे? स्ट्रेचरची जागा होती. स्ट्रेचर काढून तिथे खुर्च्या मांडल्या.

अक्काने सांगून पाहिलं, की भट्टीवरच्या एका सुनेचे दिवस भरलेत, आज तिला घेऊन यावं लागेल.

"सिस्टर, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," पुण्यवान म्हणाले. "देव आहे ना आपल्याबरोबर."

देव होता की नाही ते मला माहीत नाही, स्ट्रेचर नव्हतं. माझ्या अंगावर पुण्यवानांच्या हसऱ्या चेहऱ्याचा भलामोठा कापडी फलक बांधला. मग भाषण झालं. मग प्रार्थना झाली, ती भाषणापेक्षा लांब. मामा इंजिन चालू-बंद करून करून कंटाळले. अक्का पायरीवर उभी राहून रस्त्याकडे पाहत होती.

भट्टीवर पोचलो तेव्हा सुनेला सकाळपासून कळा येत होत्या. सासू वाटेवरच येऊन बसली होती. अक्काने पाहुण्यांना खाली उतरायला सांगितलं. उतरले, पण कुरकुरत उतरले. एक जण म्हणाला, आम्ही इथे उभे राहून तिच्यासाठी प्रार्थना करतो. अक्का म्हणाली, जरूर करा, पण दारातून बाजूला होऊन करा.

खुर्च्या बाहेर फेकल्या गेल्या. उघड्या पत्र्यावर कळा येणारी बाई झोपवायची कशी? अक्काने तो फलक ओढून काढला, दुमडला आणि खाली अंथरला. पुण्यवानांचा हसरा चेहरा बरोबर मधोमध आला. मामांनी मला असं हाकलं, की तसं मला कोणी कधी हाकलं नव्हतं. पोर वाटेतच झालं. मुलगी होती, नाळ गळ्याभोवती होती आणि ती रडेना. अक्काने नाळ सोडवली, तोंड साफ केलं, पाठ चोळली. शेवटी ती रडली, आणि मामाही रडले. आईचं रक्त थांबत नव्हतं. ते दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी थांबवलं. दोघी जगल्या.

पाहुणे भट्टीवरच राहिले होते. ते संध्याकाळी विटांच्या ट्रॅक्टरमधून परत आले. पुण्यवानांनी आधी फलकाची दशा पाहिली. त्यांचा चेहरा असा झाला, की माझं जुनं इंजिन गुदगुल्या झाल्यासारखं थरथरलं. पण मग एक पाहुणा म्हणाला, की हा चमत्कारच. फलकाकडे बघणाऱ्या पुण्यवानांची नजर हळूहळू पालटली. आपल्या चेहऱ्यावर एक जीव जन्माला आला, ही गोष्ट त्यांना पटली. ज्या गाडीत देवाने कृपा केली ती गाडी आता पवित्र झाली, असं त्यांनी मंडळात सांगितलं. मंडळाने माना डोलावल्या. माना डोलावणं हेच त्या मंडळाचं काम होतं.

अक्का त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाली, "साहेब, दुसरी गाडी येईपर्यंत तरी हिला जाऊ द्या. वस्तीवरची माणसं वाट बघतात."

"अशी गाडी पुन्हा चिखलात घालायची? पाप लागेल आपल्याला."

दुसरी गाडी आलीही. थंडगार, काळ्या काचांची, पाहुण्यांना आणायला-न्यायला. मामा तीच चालवतात आणि माझ्यासमोरून जाताना मान फिरवतात. अक्का जवळच्या वस्तीवर पिशवी घेऊन पायी जाते. भट्टीपर्यंत मात्र रोज जाणं तिला जमत नाही.

मागच्या आठवड्यात ती सून आली, चालत, मुलीला कडेवर घेऊन. दारावरच्या पहारेकऱ्याने तिला कौतुकाने माझ्यापाशी आणलं. मुलीचा हात लावा गाडीला, म्हणाला, लांबून लांबून लोक येतात. तिने हात लावला नाही. वाकून आत पाहिलं. स्ट्रेचरच्या जागी पितळेचा दिवा होता आणि बाकावर कुंड्या. मग तिने खाली पाहिलं आणि माझ्याखालच्या एका विटेवरून बोट फिरवलं. भट्टीच्या मालकाने त्या दान दिल्या होत्या.

"या आमच्याच," ती म्हणाली. "मी आणि जावेने पाडलेल्या."

तोवर अक्का बाहेर आली होती. जावेचे दिवस भरत आलेत, सूज चढलीय, गाडी कधी येणार, असं त्या सुनेने तिला विचारलं. अक्काने माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन पिशवी घेऊन आली, आणि त्या दोघी मुलीला आळीपाळीने कडेवर घेत भट्टीच्या रस्त्याने गेल्या. काळ्या काचांची ती गाडी त्याच वेळी फाटकातून आत शिरली. तिच्यात मागे कोणीच नव्हतं. त्या दोघींकडे पाहायला मामांनी तेवढ्यापुरती काच खाली केली होती.

म्हणून मित्रांनो, गोष्ट संपली की माझ्यापुढे डोळे मिटून उभे राहू नका. मला त्याचा वीट आला आहे. माझं इंजिन अजून धड आहे. चाकं मागच्या कोठीत, स्ट्रेचरच्या शेजारी ठेवली आहेत, आणि कोठीला कुलूपही नाही. जोडलेले हात सोडा, कोणीतरी एक पाना आणा. त्या जावेचे दिवस थांबणार नाहीत.